भिंगारचा अखेरचा मुक्काम

नगरचा भुईकोट किल्ला ओलांडून लष्करी छावणीच्या बाजूने भिंगारकडे निघाले, की आलमगीर दर्ग्याचे ठिकाण लागते. येणाऱ्या-जाणाऱ्याचे लक्ष वेधून घ्यावे असे तेथे फारसे काही नाही. पण काबूलपासून कर्नाटकापर्यंत पसरलेल्या साम्राज्याचा धनी बादशहा औरंगजेब याच परिसरात, आपल्या छावणीत, 3 मार्च 1707 रोजी मरण पावला. त्याचे दफन खुलदाबादेत झाले. देहावरील पहिले सोपस्कार मात्र भिंगारला झाले, असे परंपरा सांगते. दिल्लीचा हा बादशहा दिल्लीपासून शेकडो कोस दूर, तंबूत का मेला, या प्रश्नाचे उत्तर राजकारणाच्या इतिहासात सापडते. त्याचे आणखी एक उत्तर माणसाच्या कामाशी असलेल्या नात्यात आहे, आणि आजच्या नोकरदार वाचकाला ते अधिक जवळचे वाटेल.

कामाने माणूस जळून जाणे, ज्याला आता सर्रास बर्नआउट म्हटले जाते, ही कल्पना वैद्यकीय चर्चेत आली ती हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञाच्या 1974 मधील लेखनानंतर. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये तिची व्याख्या नव्याने मांडली. संघटना याला आजार मानीत नाही. कामाच्या ठिकाणच्या दीर्घकाळ न आवरलेल्या ताणातून उद्भवणारी अवस्था मानते. या अवस्थेची लक्षणे तीन : शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा, आणि कितीही राबले तरी हातून काही होत नाही अशी जाणीव. सतराव्या शतकातील बादशहाला आजच्या दवाखान्यातील निदान चिकटवणे योग्य होणार नाही. परंतु ही तीन लक्षणे मनाशी धरून त्याचे आयुष्य वाचले, तर अनेक ओळखीच्या खुणा दिसू लागतात.

औरंगजेबाचा जन्म 1618 मध्ये गुजरातेतील दाहोद येथे झाला. वयाच्या अठराव्या वर्षी, 1636 मध्ये, त्याला दख्खनची सुभेदारी मिळाली. आठ वर्षांनी, 1644 मध्ये, ती गेली. त्या वेळी या तरुण शाहजाद्याने संसार व राजकारण सोडून विरक्त होण्याचा विचार बोलून दाखविला होता, अशी नोंद दरबारी इतिहासात आहे. त्यामागे खरे वैराग्य होते की बाप आणि थोरला भाऊ दारा यांच्यावरचा रोष, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. कारण काही असो, हे मन टिकले नाही. तो परत कामात शिरला आणि 1658 मध्ये भावांचा पाडाव करून, बापाला आग्ऱ्याच्या किल्ल्यात कैदेत ठेवून तख्तावर बसला.

ज्या मार्गाने सत्ता आली त्याने तिच्या कारभाराची रीतही ठरवून टाकली. ज्याने बापाला कैद केले, त्याला आपल्या मुलांवर विश्वास टाकणे अवघड गेले. ज्याने भावांना संपविले, त्याला बलाढ्य वजीर नकोसा वाटला. अर्ज स्वतः वाचायचे, त्यावर स्वहस्ते शेरे मारायचे, सरदारांना पत्रे लिहायची, लहानसहान नेमणुकांतही लक्ष घालायचे, आणि त्यातून उरलेल्या वेळात नमाज, कुराणाच्या नकला व टोप्या शिवणे. झोप थोडी, आहार साधा. आळस आणि चैन यांच्याशी त्याचे वैर होते, हे त्याचे शत्रूही नाकारीत नाहीत.

तख्तावर येऊन चार वर्षे होतात न होतात तोच या राहणीने पहिला इशारा दिला. 1662 चा उन्हाळा कडक होता. रमजानचे उपवास, रात्रीची जागरणे आणि दिवसाचा कारभार, यांपैकी काहीही कमी न करता बादशहाने सर्व रेटले आणि तो तापाने अंथरुणाला खिळला. जिवाची आशा राहते की नाही अशी स्थिती झाली. बादशहा मेल्याची आवई उठली तर राज्यात बंडाळी माजेल, या भीतीने तो तशाही अवस्थेत दरबारी मंडळींना दर्शन देत राहिला. पुढे तो बरा झाला आणि वर्ष संपताना लाहोरमार्गे काश्मीरला जाण्यासाठी बाहेर पडला. 1663 चा उन्हाळा त्याने त्या थंड प्रदेशात काढला आणि तब्येत सावरून तो परतला. दुखणे ओळखले, जागा बदलली, विश्रांती घेतली, गुण आला. शरीर पूर्ण खचण्याआधी त्याने घेतलेली ही आयुष्यातील एकमेव मोठी विश्रांती म्हणावी लागेल.

याच दरबारात वावरलेल्या फ्रान्स्वा बर्नियर या फ्रेंच वैद्याने एक प्रसंग लिहून ठेवला आहे. एका वजनदार उमरावाने धीर करून बादशहाला सुचविले, की इतक्या अखंड श्रमांनी प्रकृतीला, कदाचित बुद्धीलाही, अपाय होईल. बादशहाने ते ऐकले न ऐकल्यासारखे केले आणि दुसऱ्याच सरदाराकडे वळून उत्तर दिले. आपला जन्म स्वतःसाठी नसून प्रजेसाठी राबण्याकरिता आहे, राजाने कारभार दुसऱ्यावर सोपवायचा तर राज्यच कशाला करायचे, आणि आरामाची ओढ माणसात उपजतच असते, तिला असे सल्लागार मिळण्याची गरज नाही, असा त्या उत्तराचा आशय होता. ऐकायला हे बाणेदार आहे. पण त्या दिवसानंतर असा सल्ला देण्याची हिंमत दरबारात कितीजणांना झाली असेल? थकव्याकडे बोट दाखविणाऱ्यालाच आळसाचा वकील ठरविले, की पुढचा इशारा देणारा कोणी उरत नाही.

1679 मध्ये बादशहाने दिल्ली सोडली ती कायमची. 1681 मध्ये त्याचा मुलगा अकबर बंड करून संभाजीराजांच्या आश्रयाला आला. त्याच्या पाठोपाठ बादशहा स्वतः दक्षिणेत उतरला. तेव्हा त्याचे वय त्रेसष्टच्या घरात होते. 1686 मध्ये विजापूर पडले, 1687 मध्ये गोवळकोंडा. 1689 मध्ये संभाजीराजे कैद झाले आणि त्यांची अमानुष हत्या करण्यात आली. त्याच वर्षी रायगड पडला. येसूबाई आणि बाल शाहूराजे मोगलांच्या कैदेत गेले. ज्या कामासाठी बादशहा आला होता ते कागदावर पुरे झाले होते. दोन्ही शाह्या बुडाल्यावर आता उत्तरेत परतावे असे वजीर असदखानाने सुचविल्याचे आणि बादशहाने ते धुडकावल्याचे सांगितले जाते.

परत फिरण्याची वेळ हीच होती. पण काम हेच ज्याचे जगणे झाले आहे, त्याला काम संपल्याचे दिसत नाही. इकडे मराठ्यांचे युद्ध संपले नव्हते. त्याचे रूप पालटले होते. राजाराम महाराज जिंजीला गेले, संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांनी मोगली फौजांना सळो की पळो करून सोडले, आणि 1700 मध्ये राजाराम महाराजांच्या निधनानंतर महाराणी ताराबाईंनी सूत्रे हाती घेतली. एका माणसाच्या हुकमावर चालणाऱ्या प्रचंड फौजेची गाठ ठिकठिकाणी स्वतंत्रपणे निर्णय घेणाऱ्या मराठी सरदारांशी होती. औरंगजेबाच्या कारभाराला या युद्धाचे उत्तर सापडले नाही.

थोरला मुलगा मुअज्जम याला संशयावरून 1687 मध्ये कैदेत टाकले होते. तो सुटला 1695 मध्ये. त्याच वर्षी जेमेल्ली करेरी हा इटालियन प्रवासी गलगल्याच्या छावणीत बादशहाला भेटला. पाठीत वाकलेला, पांढऱ्या दाढीचा हा वृद्ध चष्म्यावाचून अर्ज वाचत होता, स्वहस्ते शेरे लिहीत होता आणि त्या कामात तो प्रसन्न दिसत होता, असे करेरीने नोंदविले आहे. हे वर्णन महत्त्वाचे आहे. कामाने पोखरलेला माणूस नेहमी रडवेलाच दिसतो असे नाही. टेबलावरचा कागद निकाली काढण्यात त्याला समाधान लाभत असते. कोसळत असते ते त्या टेबलाच्या पलीकडचे सगळे.

1699 मध्ये, ऐंशी वर्षे उलटून गेल्यावर, बादशहा मराठ्यांचे किल्ले घेण्यासाठी जातीने निघाला. सातारा, परळी, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा. एकेका किल्ल्यापुढे महिनेच्या महिने गेले. काही किल्ले लढून मिळाले, बरेचसे पैसे मोजून. बादशहाची पाठ फिरली की मराठे ते परत घेऊ लागत. साताऱ्याच्या वेढ्यात सुरुंग उलट्या दिशेने उडून मोगलांचीच माणसे मोठ्या संख्येने गाडली गेली. 1700 च्या ऑक्टोबरात माण नदीकाठी खवासपूरच्या मुक्कामी रात्री पूर आला. गोंधळात मराठेच चालून आले असे वाटून बादशहा घाईने उठला, घसरून पडला आणि त्याचा गुडघा निखळला. तो उरलेले आयुष्य लंगडला, पण मोहीम थांबली नाही.

हा थकवा एकट्या बादशहाचा राहिला नव्हता. त्याच्या फौजेत चाकरी केलेल्या भीमसेन सक्सेनाने आपल्या आठवणींत छावणीची दैना लिहिली आहे. वर्षानुवर्षे तंबूतच संसार झाले, तंबूतच मुले जन्मली, त्यांना पक्के घर म्हणजे काय हे ठाऊक नव्हते. पगार थकले होते. घराच्या ओढीने व्याकुळ झालेल्या एका सरदाराने वर्षभर दिल्लीत राहू द्यावे म्हणून लाख रुपये देऊ केल्याची कथा इतिहासकारांनी नोंदविली आहे. वरचा माणूस थांबत नाही तेव्हा त्याच्या हाताखालच्यांना थकण्याचाही अधिकार राहत नाही.

1705 मध्ये वाकिनखेडा घेतल्यावर कृष्णाकाठी देवापूरला बादशहा पुन्हा गंभीर आजारी पडला. काही दिवस शुद्धही हरपत होती. या खेपेस मात्र काश्मीर नव्हते. तो बरा होऊन पालखीतून निघाला आणि 1706 च्या जानेवारीत नगरला पोहोचला. प्रवास येथेच संपणार, असे त्याने स्वतःच बोलून दाखविल्याचे सांगतात. अहमद निजामशहाने पंधराव्या शतकाच्या अखेरीस भिंगारजवळच नगर वसविले होते. 1683 मध्ये, मोहिमेच्या आरंभी, औरंगजेब याच नगरात उतरला होता. मधल्या तेवीस वर्षांत त्याने दोन राज्ये बुडविली, असंख्य गावे उजाड केली, आपला खजिना रिता केला आणि तो पुन्हा त्याच जागी आला. मराठ्यांच्या तुकड्या आता छावणीपासून काही कोसांवर येऊन थडकत होत्या.

भिंगारचे ते वर्ष एकाकी होते. मुलगी झेबुन्निसा 1702 मध्येच गेली होती. 1706 मध्ये बहीण गौहरआरा वारली आणि शहाजहानच्या मुलांपैकी तो एकटा उरला. मुलगी झीनतुन्निसा तेवढी सोबतीला होती. मुले एकमेकांच्या जिवावर उठतील, हे त्याला स्वतःच्या अनुभवावरून कळत होते. फेब्रुवारी 1707 मध्ये त्याने कामबक्ष आणि आझम या दोघांना एकमेकांपासून दूर, वेगवेगळ्या दिशांना धाडले. त्यांना लिहिलेली त्याची अखेरची पत्रे प्रसिद्ध आहेत. जन्म कशासाठी झाला, हातून काय घडले, प्रजेचे कोणते हित साधले, याचा काहीच उलगडा होत नाही, असा सूर त्यांत आहे. आपला जन्म प्रजेसाठी राबण्याकरिता आहे, असे ज्याने भर दरबारात ठणकावले होते, त्याच माणसाची ही कबुली आहे. काही दिवसांतच ताप चढला आणि शुक्रवारी सकाळी नमाजानंतर त्याने प्राण सोडला. टोप्या शिवून मिळविलेल्या चार-पाच रुपयांतून कफन घ्यावे, अशी त्याची इच्छा असल्याचे सांगितले जाते.

त्याच्या अपराधांचा हिशेब इतिहासाने मांडला आहे आणि थकव्याची कहाणी सांगून त्यातील एकही रक्कम कमी होत नाही. उलट ती वाढते, कारण थांबता न येणाऱ्या एका माणसाची किंमत लाखोंनी मोजली.

त्याच छावणीत एक मराठी मुलगा वाढत होता. वयाच्या सातव्या वर्षी कैदेत आलेल्या शाहूराजांनी जवळजवळ अठरा वर्षे हे सगळे पाहिले. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर 1707 मध्ये आझमने त्यांची सुटका केली. पुढे 1713 मध्ये त्यांनी बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद दिले, मग बाजीरावांना, मग नानासाहेबांना. माणसे निवडली, त्यांच्यावर काम सोपविले आणि स्वतः साताऱ्यात राहून 1749 पर्यंत राज्य केले. मराठी सत्तेचा सर्वांत मोठा विस्तार याच काळात झाला. या रीतीचेही तोटे होते. छत्रपतींची सत्ता पेशव्यांकडे सरकत गेली. पण सगळे काही आपल्याच हाताने करण्याचा अट्टहास शाहूंनी धरला नाही. त्याचा शेवट कसा होतो, हे त्यांनी बालपणी आणि तारुण्यात जवळून पाहिले होते.

आपल्यापैकी कोणाला साम्राज्य चालवायचे नसते. पण सुटी घेतली तर खाते कोसळेल, हाताखालच्यावर सोपवले तर बिघडेल, एवढे एक काम आटोपले की थांबू, ही वाक्ये आपल्या ओळखीची आहेत. घरचे कोणी थकव्याविषयी बोलले की आपल्यालाही राग येतो. औरंगजेबाला 1662 मध्ये शरीराने सांगितले, तेव्हा त्याने ऐकले आणि तो वाचला. पुढे दरबाराने, वजिराने, मोडलेल्या गुडघ्याने आणि हातचे निसटणाऱ्या किल्ल्यांनी सांगितले, तेव्हा त्याने ऐकले नाही. 1689 मध्ये मोकळी असलेली परतीची वाट 1706 मध्ये उरली नव्हती. थकव्यावर इलाज असतो, पण त्याला मुदत असते. ती टळून गेलेल्या एका माणसाचा अखेरचा मुक्काम भिंगारला पाहायला मिळतो.