नियमांचे नियम सांगणारे नागेशभट्ट

इ. स. १९८५ च्या वसंतात अमेरिकेतील 'एआय मॅगझिन' या संगणकशास्त्राच्या नियतकालिकात रिक ब्रिग्ज या संशोधकाचा एक लेख प्रसिद्ध झाला. ब्रिग्ज त्या वेळी नासाच्या एम्स केंद्रातील एका संगणक-संशोधन संस्थेत काम करीत होते. माणसाला ठाऊक असलेले ज्ञान यंत्राला कळेल अशा रीतीने कसे मांडावे, हा त्या लेखाचा विषय. त्यासाठी त्यांनी आधार घेतला तो सुमारे अडीचशे वर्षांपूर्वीच्या एका संस्कृत ग्रंथाचा. 'वैयाकरणसिद्धान्तलघुमंजूषा' हे त्या ग्रंथाचे नाव आणि काशीनिवासी नागेशभट्ट हे त्याचे कर्ते. हे नागेशभट्ट मराठी होते, काळे घराण्यातील होते, याची आठवण त्यानंतर उठलेल्या गदारोळात फारशी कोणाला झाली नाही.

नागेशभट्टांचा काळ सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंतचा मानला जातो. त्यांनाच नागोजीभट्ट असेही म्हणतात. वडिलांचे नाव शिवभट्ट, आईचे सती. आपल्या ग्रंथांच्या अखेरीस ते या दोघांचा आणि 'उपाध्याय' या उपनामाचा आवर्जून उल्लेख करतात. महाराष्ट्रातून काशीला जाऊन स्थायिक झालेल्या विद्वान घराण्यांची एक मोठी परंपरा त्या काळी गंगातीरी नांदत होती. धर्मशास्त्र, मीमांसा, व्याकरण या शास्त्रांत दक्षिणी पंडितांचा शब्द तेथे प्रमाण मानला जाई. त्याच वातावरणात नागेश घडले. 'सिद्धान्तकौमुदी'कार भट्टोजी दीक्षितांचे नातू हरि दीक्षित यांच्यापाशी त्यांनी व्याकरणाचे अध्ययन केले. न्यायशास्त्राची तालीमही त्यांना लाभली, आणि तिचा ठसा त्यांच्या पानापानावर दिसतो.

उपजीविकेचा भार प्रयागजवळील शृंगवेरपूरच्या रामसिंह राजाने उचलला. या आश्रयाचे ऋण नागेशांनी आपल्या ग्रंथांत नमूद केले आहे. जयपूरच्या सवाई जयसिंहाने त्यांना आपल्या यज्ञासाठी पाचारण केले होते, अशी एक आख्यायिका पंडितवर्गात सांगितली जाते. नागेशांनी तोवर क्षेत्रसंन्यास घेतला होता, म्हणजे काशीची सीमा न ओलांडण्याचे व्रत पत्करले होते. त्यामुळे त्यांनी ते राजनिमंत्रण नम्रपणे नाकारले, असे ती आख्यायिका सांगते. कथेतील तपशील कसाही असो, एका जागी बसून एका शास्त्राचा तळ गाठणारा मनुष्य तिच्यातून नेमका उभा राहतो.

त्यांची ग्रंथसंपदा थक्क करणारी आहे. पतंजलीच्या महाभाष्यावर कैयटाने 'प्रदीप' लिहिला होता. त्या प्रदीपावर नागेशांनी 'उद्द्योत' लिहिला. साहित्यशास्त्रात जगन्नाथ पंडितांच्या 'रसगंगाधरा'वर टीका केली, धर्मशास्त्रात 'प्रायश्चित्तेन्दुशेखरा'सारखे ग्रंथ रचले. परंतु त्यांची कीर्ती मुख्यतः तीन ग्रंथांवर उभी आहे: 'लघुशब्देन्दुशेखर', 'लघुमंजूषा' आणि 'परिभाषेन्दुशेखर'.

यांपैकी 'परिभाषेन्दुशेखर' हा आकाराने लहान, पण संगणकाच्या युगात सर्वाधिक अर्थपूर्ण वाटावा असा ग्रंथ होय. पाणिनीच्या अष्टाध्यायीत जवळजवळ चार हजार सूत्रे आहेत. एकच शब्द सिद्ध करताना अनेकदा दोन सूत्रे एकाच वेळी पुढे सरसावतात आणि दोघांचे म्हणणे परस्परविरुद्ध असते. अशा वेळी कोणाचे ऐकायचे? व्याकरण शिकणारा विद्यार्थी गुरूला विचारील; परंतु शास्त्र खरे पूर्ण तेव्हाच, जेव्हा हा निर्णयही कोणाच्या मर्जीवर न राहता नियमानेच होईल. अशा नियमांविषयीच्या नियमांना परिभाषा म्हणतात. परंपरेने चालत आलेल्या शंभराहून अधिक परिभाषा एकत्र करून नागेशांनी त्यांची छाननी केली. कोणती परिभाषा पाणिनीच्याच एखाद्या सूत्रावरून सूचित होते, कोणती लोकव्यवहारातील न्यायावर उभी आहे, आणि कोणती मानण्याची मुळी गरजच नाही, हे त्यांनी एकेक करून ठरविले.

संघर्षाच्या प्रसंगी बलाबल ठरविण्याचा त्यांनी विवरिलेला क्रम असा. दोन सूत्रांपैकी जे नंतरचे, ते पहिल्याहून बलवान. दुसऱ्या सूत्राचे कार्य झाले काय वा न झाले काय, जे दोन्ही परिस्थितींत लागू पडते ते 'नित्य'. ते नंतरच्यापेक्षाही बलवान. ज्याची कारणे शब्दाच्या अधिक आतल्या भागात आहेत ते 'अंतरंग'. ते नित्याहून बलवान. आणि या सर्वांवर मात करणारा तो अपवाद.

अपवाद श्रेष्ठ का, याचे उत्तर व्याकरणकारांनी पंगतीच्या दाखल्याने दिले आहे. सर्व ब्राह्मणांना दही वाढावे आणि कौंडिण्याला ताक, असे यजमानाने सांगितले, तर कौंडिण्यही ब्राह्मणच असला तरी त्याला दही मिळत नाही. दही आणि ताक दोन्ही वाढणे अशक्य नाही; तरीही विशेष आज्ञा सामान्य आज्ञेला बाजूला सारते, कारण ऐकणारा मनुष्य तिचा अर्थ तसाच घेतो.

आता संगणकशास्त्राकडे वळून पाहावे. पक्षी उडतात, हा सामान्य नियम. पेंग्विन पक्षी असूनही उडत नाही, हा विशेष. पारंपरिक गणिती तर्कशास्त्रात एकदा सिद्ध झालेला निष्कर्ष नव्या माहितीने मागे घेता येत नाही. त्यामुळे व्यवहारातील असले साधे ज्ञानही यंत्रात भरताना अडचण उभी राहते. या पेचावर तोड म्हणून १९८० साली रेमंड रायटर आणि जॉन मॅकार्थी यांनी निरनिराळ्या तर्कपद्धती मांडल्या आणि पुढे विशेष नियमाला सामान्यावर अग्रक्रम देण्याच्या तत्त्वाचा पुष्कळ अभ्यास झाला. त्यांनी नागेशांचा ग्रंथ वाचला होता, असा याचा अर्थ नव्हे. प्रश्न तोच होता, इतकेच. नियमांचा मोठा संग्रह कोणाच्याही मध्यस्थीविना चालवायचा म्हटले, की काशीतील पंडितापुढे आणि अमेरिकेतील संशोधकापुढे तीच अडचण येऊन उभी राहते.

'मंजूषे'चा विषय याहून वेगळा, तो म्हणजे वाक्य ऐकून श्रोत्याला होणारा बोध. 'मैत्र धनजहून कारंज्याला जातो' हे वाशीम जिल्ह्यातील एखाद्या एसटी थांब्यावर सहज कानी पडेल असे वाक्य घ्या. नागेशांच्या पद्धतीने त्याचा उलगडा करायचा तर केंद्रस्थानी क्रियापद येते. धातूच्या अर्थात दोन अंश असतात, व्यापार आणि फल. चालणे, गाडीत बसणे, पुढे सरकणे हा व्यापार. त्याचा आश्रय मैत्र, म्हणून तो कर्ता. कारंज्याशी होणारा संयोग हे फल. त्याचा आश्रय कारंजे, म्हणून ते कर्म. ज्याच्यापासून वियोग होतो ते धनज, म्हणून ते अपादान. नैयायिक मात्र मैत्रालाच प्रधान मानून गमनाला त्याचे विशेषण करतील. नागेशांनी आणखी एक बारकावा सांगितला: कर्तरी प्रयोगात व्यापार प्रधान असतो आणि कर्मणी प्रयोगात फल.

ब्रिग्ज यांना भुरळ पडली ती या उलगड्याची. तेव्हाचे संगणकतज्ज्ञ वाक्याचा अर्थ गाठी आणि त्यांना जोडणारे बाण अशा जाळ्याच्या रूपाने यंत्रात साठवीत असत. मैत्र मैत्रीपोटी देवदत्तासाठी चुलीवर भात शिजवतो, अशा आशयाचे वाक्य घेऊन ब्रिग्ज यांनी दाखविले, की शास्त्रीय संस्कृतातील विवरण आणि हे जाळे यांत विलक्षण साम्य आहे. नैसर्गिक भाषाही निःसंदिग्ध विवरणासाठी वापरता येते, हे त्यांचे प्रतिपादन होते. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९८६ मध्ये, बंगळूरला संस्कृतातील ज्ञानमांडणी आणि अनुमान या विषयावर राष्ट्रीय परिषद भरली. त्यानंतर पाणिनीय कारकविचाराचा आधार घेऊन भारतीय भाषांच्या यंत्रानुवादाचे कामही झाले.

मात्र या लेखाचा लोकांत झालेला बोभाटा भलत्याच वळणाने गेला. संस्कृत ही संगणकासाठी सर्वोत्तम भाषा असल्याचा निर्वाळा नासाने दिला, असे सांगण्याची प्रथा पडली. तसा निर्वाळा त्या संस्थेने दिलेला नाही. तो एका संशोधकाचा लेख होता. संगणकाच्या आज्ञावली आज संस्कृतात लिहिल्या जात नाहीत. अतिशयोक्तीच्या या धुरळ्यात नागेशांचे खरे श्रेय झाकोळले गेले, हे त्यातले दुःख. त्यांचे श्रेय भाषेच्या थोरवीत नाही, विश्लेषणाच्या काटेकोरपणात आहे.

हा काटेकोरपणा महाराष्ट्राने जपला. नागेशांचे शिष्य वैद्यनाथ पायगुंडे यांनी 'परिभाषेन्दुशेखरा'वर 'गदा' नावाची टीका लिहिली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १८६६ साली प्राध्यापक म्हणून आलेले जर्मन पंडित फ्रान्झ कीलहॉर्न यांनी अनंतशास्त्री पेंढरकरांपाशी बसून हे शास्त्र समजून घेतले आणि १८७४ पर्यंत 'परिभाषेन्दुशेखर' इंग्रजी भाषांतरासह जगापुढे ठेवला. वासुदेवशास्त्री अभ्यंकर आणि त्यांचे पुत्र काशीनाथ वासुदेव अभ्यंकर यांनी विसाव्या शतकात ही परंपरा पुण्यात तेवत ठेवली.

नागेशांचा शब्द अखेरचा ठरला, असेही नाही. केंब्रिज विद्यापीठातील संशोधक ऋषी राजपोपट यांच्या प्रबंधाची २०२२ मध्ये बरीच चर्चा झाली. नंतरचे सूत्र बलवान, हा पाणिनीच्या सूत्राचा परंपरागत अर्थच चुकीचा असून, शब्दाच्या उजव्या अंगाला लागणारे सूत्र बलवान असे पाणिनीला म्हणायचे होते, असे त्यांचे मत. ते स्वीकारले तर परिभाषांचा बराच डोलारा अनावश्यक ठरतो. अनेक व्याकरणतज्ज्ञांना ते मान्य नाही आणि वाद मिटलेला नाही. अनावश्यक परिभाषा निर्दयपणे छाटणाऱ्या नागेशांच्या वारशाला हा वाद शोभणाराच आहे.

नागेशांना अपत्य नव्हते, असे सांगतात. शब्देन्दुशेखर हा आपला पुत्र आणि मंजूषा ही कन्या मानून ती दोन्ही त्यांनी शिवपार्वतीच्या चरणी अर्पण केली. 'परिभाषेन्दुशेखरा'च्या शेवटी येणारी परिभाषा अशी आहे, की सूत्रात अर्ध्या मात्रेची जरी बचत झाली, तरी वैयाकरणांना पुत्रजन्माचा आनंद होतो. पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी या परिभाषेवर हसत आले. निपुत्रिक नागेशांनी मात्र आपल्या ग्रंथाचा शेवट तिच्यानेच केला.