वाल्डेमार हाफकीन आणि प्लेगची लस

इ. स. १८९६ च्या सप्टेंबर महिन्यांत मुंबईच्या मांडवी भागांत गांठीच्या तापाचे रोगी आढळूं लागले, आणि हा ताप म्हणजे प्लेगच होय, असें डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनीं निदान केलें. पुढील कांहीं महिन्यांत लाखों माणसें मुंबई सोडून निघालीं. आगगाडीनें बाहेर जाणाऱ्या उतारूंची आपल्या कल्याण स्टेशनावर तपासणी होऊं लागली. पुण्यास रोग्यांची शुश्रूषा करितां करितां सावित्रीबाई फुले याच रोगानें १० मार्च १८९७ रोजीं निवर्तल्या. अशा वेळीं जो गृहस्थ मुंबईस येऊन राहिला, त्याचें हें चरित्र.

वाल्डेमार हाफकीन यांचा जन्म १८६० सालीं रशियन साम्राज्यांतील ओडेसा शहरीं एका यहुदी कुटुंबांत झाला. विद्यापीठांत मेचनिकाफ या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखालीं त्यांनीं प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. धर्मांतर करून रशियन ख्रिस्ती मंडळींत सामील झाले असते, तर त्यांस तेथें अध्यापकाची जागा मिळती. परंतु त्यांनीं तें नाकारिलें. पोटासाठीं बदलिलेल्या श्रद्धेला आम्हां ख्रिस्ती माणसांनीं तरी श्रद्धा म्हणूं नये, म्हणून ही गोष्ट मुद्दाम नमूद केली. पुढें ते पॅरिसला पाश्चर यांच्या संस्थेंत गेले. तेथें प्रथम ग्रंथपालाचें काम पत्करून उरल्या वेळांत त्यांनीं पटकीवरील लस सिद्ध केली, आणि १८ जुलै १८९२ रोजीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. पुढील वर्षीं ते कलकत्त्यास आले.

मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेजांत त्यांस जेमतेम जागा व थोडेसे अननुभवी मदतनीस मिळाले. मांसाच्या रश्शांत प्लेगचे जंतु वाढवावयाचे, वर तुपाचे थेंब तरंगत ठेवावयाचे म्हणजे जंतूंची वाढ त्यांस धरून खालीं लोंबूं लागते, आणि मग उष्णता देऊन ते मारावयाचे, अशी त्यांची कृति होती. लोकांच्या धर्मभावना दुखवूं नयेत म्हणून रस्सा बकऱ्याच्या मांसाचा करीत. १० जानेवारी १८९७ रोजीं, पुढें इतरांस दिली त्याहून कितीतरी मोठी मात्रा त्यांनीं स्वतः घेतली. ताप आला, अंग दुखलें, पण ते वांचले.

आतां येथें विद्यार्थ्यांनीं थोडें थांबावें. लस टोंचून घेणारा वांचला, एवढ्यावरून लशीचा गुण सिद्ध होतो काय? पुष्कळ लोक कांहींहि न घेतां वांचतातच. आपल्या आळींत कोणी काढा घेऊन बरा झाला, कोणी गंडा बांधून बरा झाला. दोघेहि शपथेवर सांगतील कीं आमच्याच उपायानें गुण आला. हाफकीन यांस हें ठाऊक होतें. म्हणून सारख्याच स्थितींतील दोन गट घ्यावयाचे, एकास लस द्यावयाची, दुसऱ्यास नाहीं, आणि मग दोहोंतील रोगी व मृत मोजावयाचे, ही रीत त्यांनीं धरिली.

भायखळ्याच्या तुरुंगांत जानेवारीच्या अखेरीस प्लेग शिरला. बंदिवानांपैकीं जवळजवळ निम्म्यांनीं आपण होऊन लस घेतली. पुढें लस न घेतलेल्यांत १२ जण आजारी पडून ६ मेले. घेतलेल्यांत २ आजारी पडले व एकहि मेला नाहीं. तरीहि शंका उरतेच. जे आपण होऊन पुढें येतात ते कदाचित् अधिक धट्टेकट्टे असतील! ही शंका फेडण्यास १८९८ च्या आरंभीं उमरखाडीच्या तुरुंगांत कैद्यांस ओळीनें बसवून एक सोडून एक टोंचण्यांत आले. तेथेंहि न टोंचलेल्यांत १० रोगी व ६ मृत्यु, तर टोंचलेल्यांत ३ रोगी आणि मृत्यु एकहि नाहीं.

त्यानंतर बडोदें संस्थानांतील उंधेरा गांवीं घरोघर जाऊन प्रत्येक कुटुंबांतील कांहीं माणसांस लस दिली व कांहींस दिली नाहीं, म्हणजे घर, अन्न, पाणी सर्व सारखें. न टोंचलेल्या ६४ जणांपैकीं २७ आजारी पडले व २६ मेले. टोंचलेल्या ७१ पैकीं ८ आजारी पडून ३ मेले. मीं हें गणित वर्गांत त्रैराशिकानें मांडून घेतों. पहिल्या गटाच्या मानानें दुसऱ्यांत सुमारें २९ मृत्यु व्हावयास हवे होते. मुलें उत्तर काढितात आणि मग क्षणभर गप्प बसतात, कारण वांचलेल्या २६ जीवांच्या जोडीस, लस न मिळालेल्यांतले ते २६ मेलेलेहि त्यांस दिसतात. अशी परीक्षा पाहणें योग्य होतें काय, असें एका विद्यार्थिनीनें विचारलें होतें. लशीचा गुण तोंवर निश्चित ठरला नव्हता, एवढेंच मला सांगतां आलें. आज बंदिवानांवर असा प्रयोग कोणी सहज करूं देणार नाहीं, आणि तें ठीकच आहे.

१८९९ सालीं परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्यें त्यांची प्रयोगशाळा थाटली गेली. पण यशाच्या भरांतच अनर्थ कोसळला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मुल्कोवाल गांवीं १०७ जणांस लस टोंचली. त्यांपैकीं एकाच बाटलींतील लस मिळालेले १९ जण धनुर्वातानें मेले. सर्व दोष हाफकीन यांच्यावर आला. ते वैद्य नव्हते, परदेशी होते, यहुदी होते. त्यांची बाजू घेणारे फार थोडे निघाले. त्यांस प्रयोगशाळा सोडावी लागली. वास्तविक, बाटली उघडतेवेळीं चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करितांच वापरला गेला होता. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनीं हा पुरावा जाहीरपणें मांडल्यावर १९०७ सालीं त्यांच्यावरील कलंक धुऊन निघाला. ते पुन्हा कलकत्त्यास आले, परंतु परळची प्रयोगशाळा त्यांस परत मिळाली नाहीं.

१९२५ सालीं त्या संस्थेस हाफकीन यांचें नांव देण्यांत आलें. ते स्वतः अविवाहित राहिले आणि २६ ऑक्टोबर १९३० रोजीं स्वित्झर्लंडांतील लोझान येथें वारले. आपली मिळकत त्यांनीं पूर्व युरोपांतील यहुदी मुलांच्या शिक्षणासाठीं ठेविली. परळची ती इमारत अजून उभी आहे.