रमाबाईंचा विद्याभ्यास

परक्या भाषेचे शब्द आपलेसे करावयाचे, तर त्यासाठी काय करावे लागते? आजच्या विद्यार्थ्याच्या हाताशी शब्दकोश असतो, शाळेत शिक्षक असतात आणि घरी आईवडील अभ्यासाची आठवण करून देतात. परंतु सुमारे दीडशे वर्षांपूर्वी पुण्यातील एका मोठ्या घरात एक मुलगी इंग्रजी शिकत होती. आणि ती शिकते म्हणूनच तिला रोज बोलणी खावी लागत होती. त्या मुलीचे नाव रमाबाई रानडे.

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी झाला. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील कुर्लेकर हे त्यांचे माहेरचे घराणे. माहेरचे नाव यमुना. मुलींना लिहावयास-वाचावयास शिकविण्याची त्या काळी चाल नव्हती. त्यामुळे १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, विवाह होऊन त्या पुण्यास आल्या, तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. त्यांचे पती महादेव गोविंद रानडे हे मात्र मोठे विद्वान आणि न्यायखात्यातील अधिकारी होते. एका टोकाला अफाट विद्या आणि दुसऱ्या टोकाला कोरी पाटी, असा हा संसार सुरू झाला.

स्त्रियांना शिक्षण मिळाले पाहिजे, असे रानडे सभांतून सांगत असत. जे जगाला सांगावयाचे त्याचा आरंभ त्यांनी आपल्या घरापासून केला. पत्नीच्या हाती त्यांनी स्वतः पाटी दिली आणि मुळाक्षरांपासून शिकवणे सुरू केले. मराठी वाचन-लेखन चांगले साधल्यावर इंग्रजीचे धडे सुरू झाले. दिवसभर घरकाम आणि रात्री अभ्यास, असा रमाबाईंचा क्रम होता.

घरातील वडीलधाऱ्या बायकांना हे मुळीच रुचले नाही. सुनेने पुस्तक हाती धरणे हाच त्यांच्या दृष्टीने मर्यादेचा भंग होता; त्यात ते पुस्तक इंग्रजी असावे, हे तर फारच झाले. त्या रमाबाईंना टोमणे मारीत, त्यांच्याशी अबोला धरीत. त्या बायका मनाने वाईट होत्या असे नव्हे. त्यांना स्वतःला कोणी कधी शिकू दिले नव्हते आणि जुन्या चालीरीतींपलीकडचे जग त्यांनी पाहिले नव्हते. रानड्यांनी पत्नीला उलट उत्तर न देण्याचा आणि अभ्यास न सोडण्याचा सल्ला दिला. या दोन्ही गोष्टी एकदम पाळणे किती कठीण आहे, हे ज्याने कधी अन्यायाने बोलणी खाल्ली असतील त्याला समजेल. रमाबाईंनी त्या दोन्ही पाळल्या.

१८७८ साली रानड्यांची बदली नाशिकला झाली. तेथे रमाबाईंना सभेत चार शब्द बोलण्याचा पहिला प्रसंग आला. पुढल्याच वर्षी पनवेलजवळच्या शिरढोण गावी जन्मलेल्या वासुदेव बळवंत फडके यांनी इंग्रज सरकारविरुद्ध बंड उभारले. त्या बंडामुळे पुण्यातील पुढाऱ्यांविषयी सरकारच्या मनात संशय उत्पन्न झाला. रानड्यांचा बंडाशी काही संबंध नसताना त्यांची दूर धुळ्यास बदली करण्यात आली आणि त्यांच्या टपालावर नजर ठेवली गेली. असे चिंतेचे दिवस असतानाही या घरातला विद्याभ्यास थांबला नाही.

पुढे रानडे पुन्हा पुण्यास आले. १८८२ च्या सुमारास मिस हरफर्ड नावाच्या इंग्रज बाई रमाबाईंना इंग्रजी शिकवीत असत. त्याच सुमारास पुण्यास आलेल्या पंडिता रमाबाई याही त्यांच्यापाशी शिकत. परधर्मी बाईजवळ बसल्याने विटाळ होतो, अशी घरातील बायकांची समजूत. म्हणून धडा संपल्यावर रमाबाईंना स्नान करावे लागे. धड्यातील प्रत्येक नव्या शब्दाची त्यांनी अशी किंमत मोजली आहे. पुण्यात मुलींसाठी हायस्कूल निघावे म्हणून हिराबागेत गव्हर्नरांच्या उपस्थितीत सभा भरली. त्या सभेत रमाबाईंनी इंग्रजी निवेदन वाचून दाखविले. सभेत त्यांचे कौतुक झाले, घरी मात्र बोलणी ऐकावी लागली. परंतु त्या वाचनामागचा हेतू सफळ झाला. १८८४ साली पुण्यात मुलींचे हायस्कूल सुरू झाले. हुजूरपागा या नावाने ते आजही प्रसिद्ध आहे.

भाषा शिकताना लाज बाळगू नये, हा धडा रमाबाईंना आपल्या पतीच्या उदाहरणावरून मिळाला. १८८६ साली सरकारी कामानिमित्त रानडे कलकत्त्यास राहत होते. दारी आलेले बंगाली वर्तमानपत्र वाचता येत नाही, ही गोष्ट त्यांना खटकली. त्यांनी बंगाली पुस्तके आणली आणि न्हावी दाढी करावयास आला म्हणजे त्याच्यापुढे ते वाचू लागले. अडलेल्या शब्दाचा उच्चार आणि अर्थ ते त्या न्हाव्यालाच विचारीत. एवढा मोठा न्यायाधीश. पण जो शब्द आपल्याला येत नाही तो ज्याला येतो, तो त्या शब्दापुरता आपला गुरू, अशी त्यांची वृत्ती होती. दत्तात्रेयाने चोवीस गुरू केले, ही कथा आपण ऐकतो. तिचे मर्म रानड्यांनी आचरणात आणले. त्यांच्यापाठोपाठ रमाबाईही बंगाली शिकल्या.

रानड्यांची दृष्टी अधू होती. त्यामुळे वर्तमानपत्रे आणि पुस्तके त्यांना वाचून दाखविण्याचे काम रमाबाईंकडे आले. ही पतीची सेवा तर होतीच, पण तीच त्यांची शाळाही झाली. केवळ पाठ केलेला शब्द दोन दिवसांत विसरतो. तोच शब्द आज एका बातमीत, उद्या एखाद्या पुस्तकात आणि परवा कोणाच्या भाषणात भेटला, म्हणजे त्याची ओळख पक्की होते. माणसांप्रमाणेच शब्दांशीही सहवासाने स्नेह जुळतो. मोठ्याने वाचावयाचे असले की उच्चार नीट करावा लागतो आणि अर्थ न समजता पुढे जाता येत नाही.

१६ जानेवारी १९०१ रोजी रानडे निवर्तले. रमाबाई त्या वेळी अडतीस वर्षांच्या होत्या. काही काळ दुःखात घालविल्यावर त्या पुन्हा कामाला लागल्या. १९०९ साली पुण्यात सेवासदन ही संस्था स्थापन झाली आणि रमाबाईंनी तिला आपले उरलेले आयुष्य वाहिले. शिक्षणाची संधी हुकलेल्या प्रौढ स्त्रिया व विधवा तेथे लिहावयास-वाचावयास शिकल्या. कित्येक जणी शिक्षिका आणि परिचारिका होऊन स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या. आपण ज्या वाटेने काटे तुडवीत आलो, ती वाट इतरांसाठी सुगम करावी, हीच रमाबाईंची इच्छा होती. स्त्रियांना मताचा अधिकार मिळावा म्हणूनही त्यांनी खटपट केली. १९२४ साली त्यांचे देहावसान झाले. १९६२ साली, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले.

१९१० साली रमाबाईंनी आपल्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध केले, ते मराठीत. इंग्रजी भाषा त्यांनी कष्टाने मिळविली, पण तिच्यासाठी आपली भाषा टाकली नाही. एका भाषेतील शब्दांची गोडी लागली की दुसऱ्या भाषेतील शब्दांचेही मोल कळू लागते. रमाबाईंचे ते पुस्तक मराठी वाचक आजही आवडीने वाचतात. ज्या मुलीला अकराव्या वर्षी एक अक्षरही येत नव्हते, तिच्या हातचे ते पुस्तक आहे, हे वाचताना ध्यानात ठेवावे.