नोकरी सहा वर्षांची, गुरुजी कायमचे

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९चा, कोकणातल्या पालगडचा. खानदेशात ते आले अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यासासाठी. पण नुसत्या चर्चेत त्यांचा जीव रमेना. १९२४ मध्ये ते तिथल्याच प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले, पुढे वसतिगृहही त्यांच्याकडे आले.

मिजाज हळवा. छडी हातात घेणे जमणारे नव्हते. मग मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडत, मळके कपडे धुऊन ठेवत. मुले ओशाळत आणि आपणहून कामाला लागत. स्वभावाने पेशाला वळण दिले ते असे.

पेशानेही स्वभाव घडवला. चारचौघांत बुजणारा माणूस वर्गात मोकळा झाला. मुलांसाठी ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक काढता काढता लेखणी सोपी झाली.

१९३० मध्ये सत्याग्रहासाठी त्यांनी नोकरी सोडली. पगार थांबला, शिकवणे थांबले नाही. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत. ती अठरा प्रवचने साने गुरुजींनी लिहून घेतली, म्हणून ती आज घरोघरी पोहोचली आहेत. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. तिची मांडणीही रोज रात्री एक गोष्ट सांगावी तशीच, ४२ रात्रींची.

‘इस्लामी संस्कृती’ हे पुस्तकही याच शिक्षकाचे. पिढ्यान्‌पिढ्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या शेजाऱ्याच्या पैगंबरांची ओळख मराठी वाचकाला व्हावी, म्हणून त्यांनी हजरत मुहंमद (स.) यांचे चरित्र आदराने लिहिले. व्यापारातल्या सचोटीमुळे ‘अल-अमीन’, म्हणजे विश्वासू, ठरलेल्या पैगंबरांच्या आयुष्यातही चारित्र्य आणि व्यवसाय वेगळे नव्हतेच. हे पुस्तक प्रसिद्ध झाले ते गुरुजींच्या मृत्यूनंतर.

ज्या हळवेपणाने वसतिगृहाला ऊब दिली, त्याची वर्गाबाहेरच्या जगात त्यांना फार मोठी किंमत मोजावी लागली. गांधीजींच्या हत्येनंतर त्यांनी २१ दिवस उपवास केला. देशातले वैर पाहून मन खचत गेले. ११ जून १९५० रोजी, पन्नाशीतच, त्यांनी स्वतःहून जगाचा निरोप घेतला.

अमळनेरच्या शाळेतली त्यांची नोकरी जेमतेम सहा वर्षांची. लेखक, सत्याग्रही, संपादक अशी कितीतरी कामे त्यांनी नंतर केली. लोकांनी मात्र त्यांना अखेरपर्यंत एकाच नावाने ओळखले, ते म्हणजे गुरुजी.