साताऱ्यातील ख्रिस्तभक्त : नारायण वामन टिळक



तारण विश्वासाने मिळते की सत्कृत्यांनी, हा जुना प्रश्न आहे. रेव्ह. टिळकांच्या जीवनात त्याचे उत्तर शोधता येते. ते प्रोटेस्टंट होते. परंतु त्यांची भजने मराठी ख्रिस्ती माणूस पंथ न विचारता गातो, आणि त्यांच्या आयुष्याचे शेवटचे पर्व आपल्या साताऱ्याशी जोडलेले आहे.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. संस्कृतचे जाणकार, वक्ते आणि कवी असा त्यांचा लौकिक होता. राजनांदगावला जाताना रेल्वेत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. पुढे तो वाचताना प्रभूच्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन वेधून घेतले. ते पुस्तक त्यांनी मागितले नव्हते, कमावलेही नव्हते. विश्वास असाच देवाकडून येतो. म्हणूनच ट्रेंटच्या विश्वपरिषदेने १५४७ साली विश्वासाला तारणाचा आरंभ, पाया आणि मूळ मानले.

पण दान स्वीकारावे लागते. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आप्त तुटले, पत्नी लक्ष्मीबाई दुरावल्या. काही वर्षांनी त्या परत आल्या, तरी टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. जातिभेदाविषयी त्यांचे मन आधी पालटले, मग त्यांनी स्वतः ख्रिस्ताला स्वीकारले. विश्वास पतीलाही पत्नीसाठी ठेवता येत नाही. तो ज्याचा त्यानेच ठेवायचा असतो.

तेव्हाच्या अहमदनगरात टिळकांनी अनेक वर्षे सेवा केली. १९१७ साली मिशनचे वेतन सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले येशूभक्त तेथे एकत्र यावेत, ही त्यांची इच्छा होती.

मग बाप्तिस्म्याची गरज नाही काय? ज्याने त्यासाठी घरदार पणाला लावले, तो त्याला क्षुल्लक कसा मानील? पवित्र ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीनुसार बाप्तिस्मा हे तारणाचे द्वार आहे, आणि हे जाणणाऱ्याने ते टाळू नये. तरीही स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्त ठाऊक नाही, पण जे प्रामाणिकपणे देवाला शोधतात, त्यांनाही देवाची कृपा तारू शकते, असे दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६४ साली शिकविले. मग जो येशूचे नाव प्रेमाने घेतो पण अजून दाराबाहेर उभा आहे, त्याला आपण परका कसे म्हणावे?

९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत प्रभूकडे गेले. १९९९ साली कॅथलिक आणि लुथरन ख्रिस्तसभांनी एकत्रितपणे मान्य केले की, आपण कृपेनेच, विश्वासाद्वारे नीतिमान ठरतो, आणि सत्कृत्ये ही त्या विश्वासाची फळे होत. टिळकांनी वेतन सोडले ते तारण विकत घेण्यासाठी नव्हे; तारणारा भेटला होता म्हणून.

आपल्यापैकी बहुतेकांना बाप्तिस्मा आईच्या कुशीत असतानाच मिळाला. त्यासाठी आपल्याला काहीच सोडावे लागले नाही. आज मिस्साबलिदानात विश्वासांगीकार म्हणताना प्रत्येकाने स्वतःला विचारावे : या विश्वासाखातर मी आजवर काय सोडले? आणि माझ्या शेजाऱ्याला त्याचे कोणते फळ मिळाले?