जॉन पोस्टेल: सर्व्हिसेसना ‘करार’ शिकवणारा माणूस

तुम्ही ॲपवर ऑर्डर टाकता तेव्हा मागे पेमेंट, स्टॉक, डिलिव्हरी अशा वेगवेगळ्या सर्व्हिसेस एकमेकींशी बोलतात. एक जावात लिहिलेली, दुसरी डॉटनेटमध्ये. तरी जमतं, कारण मेसेज कसा असेल याचा करार आधीच ठरलेला असतो. तो कोणत्या वाटेने जाईल, हे वेगळं ठरवता येतं. कामांची अशी फारकत करा म्हणून जे आधीपासून भांडले, त्यांत जॉन पोस्टेल होते.

जन्म १९४३, कॅलिफोर्निया. यूसीएलएमध्ये शिकत असतानाच, १९६९ साली, अर्पानेट सुरू झालं. त्याचे नियम आरएफसी नावाच्या नोट्समध्ये लिहिले जायचे. त्यांचं संपादन पोस्टेल यांच्याकडे आलं, ते शेवटपर्यंत.

तेव्हा टीसीपी एकटाच सगळं करायचा: पॅकेट पोहोचवणं आणि हरवलं तर परत पाठवणं. ऑगस्ट १९७७ मध्ये पोस्टेल यांनी एका नोटमध्ये स्पष्ट लिहिलं की हे चुकतंय, दोन थर वेगळे करा. आवाज पाठवताना हरवलेलं पॅकेट परत मागवून काय उपयोग? बोलणं तर पुढे गेलेलं असतं! शेवटी आयपी वेगळा झाला. १९८० मध्ये पोस्टेल यांनी जेमतेम तीन पानांत यूडीपी लिहिला. तुमचे व्हिडिओ कॉल आज बहुतेकदा त्यावरच चालतात. पुढे १९८२ मध्ये ईमेलचा एसएमटीपीही त्यांनीच लिहिला.

पाठवताना काटेकोर राहा, घेताना सांभाळून घ्या, हा त्यांचा नियम. मला तो अर्धाच पटतो. एखादी सर्व्हिस चुकीचा डेटा मुकाट गिळत राहिली, तर बग सहा महिन्यांनी भलतीकडेच सापडतो.

इंटरनेटवरचे नंबर आणि नावं यांची नोंदवहीही त्यांच्याच हातात होती. जानेवारी १९९८ मध्ये त्यांनी आठ रूट सर्व्हर्सच्या ऑपरेटर्सना ईमेल केला: यापुढे मूळ यादी माझ्या सर्व्हरवरून घ्या. त्यांनी घेतली! अमेरिकन सरकार भडकलं आणि बदल मागे घ्यावा लागला. एका माणसाच्या शब्दावर एवढं चालावं का, हा प्रश्न रास्तच होता. त्याच वर्षी या कामासाठी आयकॅन ही संस्था उभी राहिली.

१६ ऑक्टोबर १९९८ रोजी, हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर, पोस्टेल गेले. वय ५५. त्यांच्याच शाळेत शिकलेले व्हिंट सर्फ यांनी श्रद्धांजली लिहिली, तीही आरएफसी म्हणूनच. नंबर २४६८.