‘बायोस’चे जनक गॅरी किल्डॉल

संगणक सुरू होताच ‘डिलीट’ किंवा ‘एफ-२’ ही कळ दाबली, की पडद्यावर तारीख, वेळ, हार्ड डिस्कची माहिती आणि संगणकाने कोणत्या साधनापासून सुरू व्हावे याचा क्रम दिसू लागतो. मुंबईतील कार्यालय असो की भंडारा जिल्ह्यातील वरठीचे एखादे घर, विंडोज नव्याने बसविणाऱ्याची गाठ प्रथम या ‘बायोस सेटअप’शीच पडते. ‘बायोस’ हे नाव ज्यांनी रूढ केले, ते गॅरी किल्डॉल मात्र सामान्यांना अपरिचितच राहिले.

किल्डॉल यांचा जन्म १९ मे १९४२ रोजी अमेरिकेतील सिएटल येथे झाला. घराण्याची नौकानयन शिकविणारी शाळा होती. त्यांचा ओढा मात्र संगणकशास्त्राकडे होता. मॉन्टेरे येथील नौदलाच्या पदव्युत्तर संस्थेत ते अध्यापन करू लागले. इंटेलच्या नव्या मायक्रोप्रोसेसरची ताकद त्यांनी ओळखली आणि १९७४ मध्ये ‘सीपी/एम’ ही कार्यप्रणाली सिद्ध केली.

त्या काळी प्रत्येक कंपनीचे यंत्र निराळे असे. प्रत्येकासाठी सारी प्रणाली नव्याने लिहिणे अवघड होते. म्हणून किल्डॉल यांनी कळफलक, पडदा व डिस्क यांच्याशी थेट व्यवहार करणारा भाग वेगळा काढला. तोच ‘बेसिक इनपुट/आउटपुट सिस्टिम’, अर्थात बायोस. यंत्र बदलले, तरी तेवढाच भाग बदलावा लागे.

१९८० मध्ये आयबीएमचे प्रतिनिधी त्यांच्या दारी आले. परंतु गोपनीयतेच्या करारावरून बोलणी अडली. किल्डॉल त्या दिवशी विमान उडविण्याची हौस भागवीत होते, ही आख्यायिका पुढे चिकटली. वास्तविक ते व्यवसायाच्या कामासाठीच गेले होते. संधी मायक्रोसॉफ्टला मिळाली. पुढे आयबीएमने दोन्ही प्रणाली विक्रीस ठेवल्या, तेव्हा ‘पीसी-डॉस’ची किंमत ४० डॉलर, तर ‘सीपी/एम-८६’ची २४० डॉलर होती. निकाल स्पष्टच होता.

बायोसची कल्पना मात्र टिकली. आयबीएमने ती रॉम चिपमध्ये बसविली. १९८४ च्या ‘पीसी एटी’त सेटिंग जपण्यासाठी बॅटरीवर चालणारी स्मृती आली. म्हणूनच बॅटरी संपली, की संगणकाची तारीख मागे जाते. सेटअपमध्ये बदल करण्यापूर्वी जुनी नोंद लिहून ठेवावी, एका वेळी एकच बदल करावा आणि घोटाळा झाल्यास ‘लोड डिफॉल्ट्स’ हा पर्याय निवडावा.

११ जुलै १९९४ रोजी, वयाच्या अवघ्या ५२ व्या वर्षी किल्डॉल यांचे निधन झाले. २०१४ मध्ये पॅसिफिक ग्रोव्ह येथील त्यांच्या जुन्या कार्यालयाजवळ स्मृतिफलक बसला. नव्या संगणकांत बायोसची जागा ‘यूईएफआय’ने घेतली आहे, तरीही दुरुस्ती करणाऱ्यांच्या तोंडी शब्द राहिला आहे तो किल्डॉल यांचाच.